गोडावणच्या घरी जाताना

थर्ड सेमचा शेवटचा पेपर झाला आणि नेहमीप्रमाणे हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ‘कुठे जायचं’ यावर भांडण सुरू झालं. निम्म्या जणींना गोवा, दोघींना मनाली, आणि एकीला फक्त घरी जाऊन आठवडाभर झोपायचं होतं. मी म्हटलं, जैसलमेर. सगळ्या म्हणाल्या, तिथे काय, नुसती वाळू! शेवटी नेचर क्लबच्या मॅडम मध्ये पडल्या, त्या स्वतः बरोबर यायला तयार झाल्या, म्हणून रेक्टर मॅडमची परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये आम्ही सात मुली आणि मॅडम स्लीपरच्या डब्यातून, पुरणपोळ्या आणि चिवड्यासकट, निघालो.

माझ्या डोक्यात जैसलमेर का होतं ते आधी सांगते. माझं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून जवळ. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौ. कि.मी. म्हणजे शेतं, गावं, रस्ते, सगळंच अभयारण्यात. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, विहिरीचं कर्ज काढायचं तर अडचण. त्यामुळे आमच्याकडे ‘माळढोक’ हा शब्द बरीच वर्षं कपाळाला आठ्या घालूनच उच्चारला जायचा. पुढे अभयारण्य आटवून १,२२२ चौ. कि.मी. केलं. पण तोवर पक्षीच आटले होते. आजोबा सांगायचे, ज्वारीच्या रानात सकाळी जोडी उभी असायची, बैलगाडी जवळून गेली तरी तिकडे फारसं लक्ष द्यायची नाही. मी मात्र जन्मात एकदाही माळढोक पाहिला नव्हता. आपल्या घरचा पक्षी बघायला हजार-बाराशे किलोमीटर जायचं, ही गोष्ट जरा लाजिरवाणीच आहे.

राजस्थानात या पक्ष्याला गोडावण म्हणतात. १९८१ पासून तो तिथला राज्यपक्षी आहे. साधारण मीटरभर उंच, मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये एवढे वजनदार पक्षी जगात फार थोडे आहेत. सलीम अलींनी त्याला राष्ट्रीय पक्षी करावं असं सुचवलं होतं, तो मान मोराला गेला. आज जगात दीडशेपेक्षा कमी माळढोक उरलेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात.

आता ‘डेझर्ट नॅशनल पार्क’बद्दल. नाव नॅशनल पार्क असलं तरी कायद्याच्या कागदावर ते अजून अभयारण्यच आहे. १९८० साली अधिसूचना निघाली, क्षेत्र ३,१६२ चौ. कि.मी., जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून. बृहन्मुंबईची पाच शहरं त्यात मावतील. पण ताडोबासारखं गेट, मग जंगल, मग वाघ, असा प्रकार इथे नाही. आत सत्तरच्या वर गावं आणि शिवाय सुट्या ढाण्या आहेत. ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती. आत शाळा आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत, पाण्याचे टांके आहेत. थोडक्यात, आपण उद्यानात जातो म्हणजे कुणाच्या तरी अंगणातून जातो. हे आम्हाला तिथे पोचेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरा गैरसमज वाळूचा. आम्ही सगळ्या जणी कॅलेंडरवरच्या चित्रासारख्या लाटालाटांच्या टेकड्या डोक्यात घेऊन गेलो होतो. प्रत्यक्षात उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्सा टेकड्यांचा आहे. बाकी सगळा माळ. खडी, मुरूम, खुरटी झुडपं आणि गवत. मला तर नान्नजचीच आठवण झाली. माळढोकाला वाळू नकोच असते, त्याला असा मोकळा माळ लागतो, जिथून चारी बाजूंना लांबवर दिसतं. इथलं सेवण नावाचं गवत बघायला काहीच नाही, वाळलेला पिवळा झुपका. पण पाऊस वर्षाला सरासरी दीडशे-दोनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या कोकणात दोन-तीन दिवसांत पडतो तेवढा. त्यात हे गवत खोल मुळांनी माती धरून ठेवतं, गायी जगवतं, आणि गोडावणाची मादी त्याच्याच आडोशाला थेट जमिनीवर अंडं घालते. घरटं नाही, काही नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं.

आता आमची चूक सांगायला हवी. पहिल्या दिवशी आम्ही समला गेलो. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर प्रसिद्ध टेकड्या आहेत, तंबूंची रांग, उंट, सूर्यास्त. तिथे जीप घेऊन टेकड्यांवर उड्या मारायचा एक प्रकार चालतो. आम्ही केला. खोटं कशाला बोलू, मजा आली, किंचाळून घसे बसले. जीपवाल्याने हौसेने टेकडी सोडून बाजूच्या माळावरूनही गाडी हाणली, आम्ही ‘और तेज, और तेज’ करत होतो. संध्याकाळी चिवडा-पोळ्यांचं उरलेलं एका कुत्र्याला घातलं, ते बिचारं इतकं प्रेमाने शेपूट हलवत होतं. रात्री स्पीकरवर गाणी. आम्ही नाचलो.

दुसऱ्या दिवशी सुदासरीला जायचं होतं. उद्यानातला हा भाग गोडावणासाठी कुंपण घालून राखलेला आहे. वनखात्याच्या जैसलमेरमधल्या ऑफिसातून परवाना काढावा लागतो. आमच्या गाडीवाले काकांचं गावही उद्यानाच्या हद्दीतलंच. पन्नाशीचे, मोठ्या मिशा, कमी बोलणारे. सकाळी सहाला गाडीत बसलो तर हातपाय गोठलेले. (जानेवारीत वाळवंटात स्वेटर लागतो हे कुणीही आम्हाला सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते. रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो. आणि याच पट्ट्यातल्या फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद झाली होती, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचा विचारही करू नका. तसंही उन्हाळा ते पावसाळा हा गोडावणाचा विणीचा काळ आहे, तेव्हा आपण तिथे नसलेलंच बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.)

माझ्या रूममेटने काकांना आदल्या दिवशीचा पराक्रम सांगितला. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि माळावर एका जागी बोट दाखवलं. मुठीएवढं, मातीने बुजलेलं बीळ. ‘सांडा है अंदर, बाईसा. सो रहा है.’ सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा गवतखाऊ सरडा. थंडीत तो बिळाचं तोंड आतून बुजवून झोपून जातो. वर जीपचं चाक गेलं तर बीळ बसतं, आणि वर काही दिसत नाही, आत मेला तरी कळत नाही. गरुड, ससाणे यांचं हे मुख्य अन्न. वर आणखी त्याच्या तेलाच्या नावाखाली खोटी औषधं विकणारे लोक आहेत, त्यांच्यामुळेही तो मारला जातो. तुम्हाला असं तेल कुणी दाखवलं तर घेणं हा गुन्हा आहे, आणि शिवाय मूर्खपणाही.

मग काका बोलायला लागले. आपल्याकडे जीपची चाकोरी एका पावसाळ्यात गवताखाली जाते. तिथे पाऊस एवढा कमी की चाकाखाली मेलेला सेवणचा झुपका पुन्हा यायला वर्षं लागतात. आणि एका गाडीची चाकोरी दिसली की पुढची गाडी त्यावरून जाते, मग तिसरी, झाला रस्ता. पखुर्ड्या, चंडोल, गोडावण, सगळे जमिनीवर अंडी घालणारे. म्हणून सुदासरीत गाडी फक्त ठरलेल्या वाटेनेच चालते आणि पर्यटकांना मनाला येईल तिथे उतरू देत नाहीत. टेकड्या चढायच्या तर पायी चढा, उंटावरून जा, त्यालाही मजा कमी नाही. फक्त बंद बूट घाला, आणि अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय हिंडू नका. आपल्या कोकणातलं फुरसं तिथेही आहे.

कुत्र्याची गोष्ट ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तंबूंमधून रोज उरलंसुरलं बाहेर पडतं. त्यावर कुत्री वाढतात. वाळवंटात एरवी इतकी कुत्री जगलीच नसती. पर्यटक नसतात त्या दिवसांत ती माळावर जातात, टोळीने चिंकारा हरणं फाडतात, अंडी आणि पिल्लं खातात. गोडावण वाचवण्याच्या कामात आता कुत्र्यांची नसबंदी हा एक वेगळा खर्च आहे. म्हणजे मी प्रेमाने घातलेली आईच्या हातची पुरणपोळी कुठे जाऊन पोचली बघा. तेव्हापासून आम्ही उष्टं, सालं, सगळं एका डब्यात भरून जैसलमेरला परत आणलं. केळीची सालं ‘कुजतात’ म्हणून टाकायची नाहीत. तिथे ओलच नाही, ती कुजत नाहीत, वाळून चामड्यासारखी होतात आणि तशीच राहतात.

पाण्याचंही तसंच. तंबूत बादल्या भरभरून पाणी येतं म्हणून आपल्याला वाटतं आहे भरपूर. आता जैसलमेरला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं हे खरं, पण आतल्या ढाण्यांवर अजून टांक्याचा आधार आहे. टांका म्हणजे जमिनीखालची गोल किंवा चौकोनी टाकी, भोवती उताराचं अंगण, पडलेला थेंब न थेंब आत. त्याच्या अंगणात चपला घालून जायचं नाही, हे आम्हाला एका आजींनी चांगलं खडसावून सांगितलं. सिव्हिलवाल्यांनी खडीनही जरूर बघावं. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून पावसाचं वाहतं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ही पद्धत जैसलमेरात वापरली. आमच्या मॅडम तिथे तासभर बांधाची उंची मोजत बसल्या, त्यांना हलवणं अवघड झालं.

आणि खेजडी. तिथे जागोजागी दिसणारं हे काटेरी झाड म्हणजे आपली शमी. त्याची डहाळी तोडून शेकोटीला घालू नका. फोगाची झुडपंही नका, तीच वाळू धरून ठेवतात. देवाच्या नावाने राखलेल्या जमिनीला तिथे ‘ओरण’ म्हणतात, त्यात कुऱ्हाड चालत नाही. म्हणजे आपली देवराईच. एका ओरणाचं नाव तर देगराय आहे, ‘देवराई’च्या इतकं जवळ की मला वाटलं काकांचा उच्चार चुकला. ती खरी देगराय मातेची जागा आहे.

सुदासरीत साडेआठच्या सुमारास गोडावण दिसला. मी फार वर्णन करत नाही. तीनेकशे मीटर लांब, गवतात एक करडी-तपकिरी काठी उभी होती, ती चालायला लागली. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. एकीने काकांना विनवलं, जरा जवळ घ्या ना, फोटो नीट येत नाही. काकांनी इंजिनच बंद केलं. म्हणाले, ‘आप पास जाओगे तो वो उड़ेगा. उड़ेगा तो तार की तरफ जाएगा.’

तार? आम्ही इलेक्ट्रिकलच्या चौघी होतो, चौघींनी एकदम माना वळवल्या. कुंपणाच्या पलीकडे, दूर, टॉवरची रांग होती.

इथून पुढचा भाग खास आपल्या लोकांसाठी. माळढोक तारेवर बसत नाही, त्यामुळे शॉक लागून मरण्याचा प्रश्न आधी येत नाही. तो तारेवर आदळतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचं भरपूर दिसतं, पण समोर दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा अगदी अरुंद. उडताना खाली जमीन न्याहाळायला डोकं थोडं झुकलं की पुढची दिशा जवळपास आंधळी होते. त्यात वजन इतकं की ऐनवेळी वळणं जमत नाही. बरेच पक्षी जाड कंडक्टर पाहून वर उठतात आणि वरच्या बारीक अर्थ वायरला धडकतात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी थरमध्ये तारांखालून चालत जाऊन मेलेले पक्षी मोजले. त्यावरून सुमारे ४,२०० चौ. कि.मी.च्या पट्ट्यात सगळ्या जातींचे मिळून वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरत असावेत असा त्यांचा अंदाज निघाला. माळढोकाची संख्याच इतकी थोडी की त्यातले वर्षाला मोजकेच गेले तरी जात संपायला पुरेसे आहेत.

आणि या तारा कशाच्या? सौर आणि पवनऊर्जेच्या. ज्या विषयावर आपण सेमिनार देतो, ‘ग्रीन एनर्जी’ म्हणून टाळ्या घेतो, तीच वीज. ऊन, वारा आणि मोकळी जमीन जिथे, तिथेच प्रकल्प येणार. आणि गोडावणालाही तीच जमीन हवी.

मग तारा जमिनीखालून का नेत नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ ला जवळजवळ तसंच सांगितलं होतं. पण केबलची कपॅसिटन्स ओव्हरहेड लाइनपेक्षा कित्येक पटींनी जास्त. एसीमध्ये लांबी वाढेल तसा चार्जिंग करंट वाढतो, आणि जास्त व्होल्टेजला तो इतका होतो की केबलची बरीचशी क्षमता स्वतःला चार्ज करण्यातच जाते. ३३ केव्हीला जमतं, महाग पडतं पण जमतं. ४०० किंवा ७६५ केव्ही शेकडो किलोमीटर न्यायची तर प्रकरण अवघड आहे. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आधीचा आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली, आणि डिसेंबर २०२५ च्या निकालात समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. काही लाइन जमिनीखाली, काही दुसऱ्या मार्गाने, आणि राखीव पट्ट्यात नव्या मोठ्या प्रकल्पांना मनाई, असा त्याचा एकूण रोख आहे.

तिसरा उपाय म्हणजे डायव्हर्टर. तारांवर ठराविक अंतरावर टांगलेल्या, वाऱ्याने फिरणाऱ्या चकचकीत चकत्या, म्हणजे पक्ष्याला तार लांबून दिसावी. मला हा उपाय भलताच आवडला, स्वस्त आणि मस्त. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. बाबा वीज कंपनीत वायरमन आहेत, तीस वर्षं खांब चढतायत. ते जेवता जेवता म्हणाले, ‘फिरणारी वस्तू तारेवर किती दिवस टिकेल? वादळात तुटून पडली की परत लावायला लाइन बंद ठेवायला लागेल. ते कोण करणार?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आमच्याकडं पण लाइनखाली पाखरं पडलेली दिसायची. मोठी पण. कुत्री ओढून न्यायची. कधी कुणाला सांगायचं सुचलं नाही.’ त्यानंतर बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. नान्नजच्या माळावरून गेलेल्या लाइनपैकी काही त्यांनीच ओढलेल्या आहेत.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी हाच विषय मागितला आहे, लाइन बंद न करता डायव्हर्टर बसवायची आणि बदलायची रचना. गाइड सर म्हणाले, मेकॅनिकलचा एखादा पार्टनर बघ. कुणी असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवा, मी खरंच शोधते आहे.

राहिलेल्या गोष्टी भराभर. समच्या भागातच माळढोकाचं प्रजनन केंद्र आहे, दुसरं रामदेवऱ्याला. २०१९ पासून रानातून अंडी आणून उबवतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही केंद्रं पर्यटनस्थळं नाहीत, तिथे ‘एक मिनिट बघू द्या ना’ करत उभं राहू नका. आकलचं जीवाश्म उद्यान जरूर बघा, जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर. अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. आमच्यातल्या एकीने बोटभर तुकडा खिशात घातला होता, मॅडमनी गाडी परत वळवून तो होता तिथे ठेवायला लावला. ड्रोन घरीच ठेवा, सीमा जवळ आहे, उगाच पोलीस चौकीत दिवस जाईल. आणखी आतल्या, सीमेकडच्या भागात जायला वेगळी परवानगी लागते. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. राहायला जागा निवडताना रात्री डीजे वाजतो का आणि कचरा कुठे जातो हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नका. स्थानिक माणसालाच गाडीसाठी घ्या, त्याला ठरल्याचे पैसे द्या, घासाघीस फार करू नका. गोडावण दिसला नाही तरी त्याचे पैसे कापायचे नाहीत, हे सांगायला लागू नये, पण आमच्या शेजारच्या गाडीत तेच भांडण चाललं होतं.

नेचर क्लबची दुर्बीण सिव्हिलच्या स्टाफ रूममधल्या हिरव्या कपाटात आहे, चावी मॅडमकडे. वही आहे, त्यात नाव लिहून घ्यावी. उजव्या बाजूची काच जरा सैल झाली आहे, ती आमच्याच ट्रिपमध्ये झाली, तेवढं सांभाळून वापरा.